फळीवर मावतील तेवढे पाट

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे बारा पानं मागितली होती. मी पाच लिहीन म्हणून कळवलं. त्यांना वाटलं, म्हातारा भाव खातोय. तसं काही नाही. चाळीसेक वर्षं मी रत्नागिरीत गणपती केले, आणि त्यात एक गोष्ट चांगलीच ठेच लागून शिकलो: जेवढं झेपेल तेवढ्यालाच हो म्हणावं. बारा पानं कबूल करून त्यातल्या सातांत पाणी ओतायचं, हा उद्योग आता या वयात नको.

देशावरच्या वाचकांना आमची पद्धत ठाऊक नसेल, म्हणून आधी ती सांगतो. आमच्याकडे बाजारात जाऊन आवडेल तो गणपती उचलत नाहीत. प्रत्येक घराचा स्वतःचा लाकडी पाट असतो, आजोबा-पणजोबांपासूनचा. आषाढी एकादशीपासून नागपंचमीपर्यंत लोक आपापला पाट घेऊन गणपतीच्या शाळेत येतात. शाळा म्हणजे आमचा कारखाना. पाटाच्या पाठीवर खडूने नाव लिहायचं, तो फळीवर ठेवायचा, आणि त्याच पाटावर त्या घराची मूर्ती घडवायची. चतुर्थीला देव त्याच पाटावर बसून घरी जातो. कागद नाही, विसार नाही. मी पाट हातात घेतला की शब्द दिला. घेतलेला पाट रिकामा परत करणं म्हणजे त्या घराला अपशकुन, त्यामुळे नाही म्हणायचं असेल तर पाटाला हात लागायच्या आत म्हणावं लागतं.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, यात फार पक्के होते. शाळेच्या भिंतीला त्यांनी तीन फळ्या ठोकल्या होत्या आणि त्यांवर मिळून पन्नास पाट मावायचे. पन्नासावा पाट चढला की अण्णा दोन्ही हात पाठीमागे बांधून दारात उभे राहत. कोणी पाट पुढे केला तरी हात पुढे यायचे नाहीत. तोंडाने विचारपूस चालूच असायची, शेतं कशी आहेत, मुंबईहून कोण कोण येणार, आणि माणूस हसत हसत पाट घेऊन परत जायचा. मला तेव्हा ते कंजूषपणाचं वाटे. आयता दारी आलेला माणूस परत पाठवायचा म्हणजे काय?

अण्णा गेले तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो. सालं नीट आठवत नाहीत, पण एकोणीसशे सत्तावीस-अठ्ठावीसचा सुमार असेल. पुढच्या वैशाखात मी पहिलं काम काय केलं असेल, तर समोरच्या भिंतीला दोन नव्या फळ्या ठोकल्या. आमची मंडळी, म्हणजे माझी बायको, माती चाळत बसली होती. ती म्हणाली, "मामंजींनी ती भिंत मोकळी ठेवली होती, ती काय त्यांच्याकडे लाकूड नव्हतं म्हणून?"

मी म्हटलं, "त्यांचा काळ वेगळा होता."

त्या आषाढात मी कोणालाही परत पाठवलं नाही. पाट पुढे आला की माझे हात आपोआप पुढे जात. एक गृहस्थ आले, त्यांचं आजोळ हेदवीचं. लहानपणी तिथला दशभुजा गणपती पाहिलेला, म्हणून घरीही दहा हातांचाच हवा. चार हात करताना कुठल्या ना कुठल्या हाताला चीर जातेच, इथे दहा. मी हो म्हणालो. नागपंचमीपर्यंत पाचही फळ्या भरल्या आणि काही पाट खाली जमिनीवर उभे राहिले. मोजले तर अठ्ठ्याहत्तर भरले. मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू.

त्यातच बाजारपेठेतली तरुण मंडळी आली, पुढे एक नवे वकील. त्यांना सार्वजनिक गणपती बसवायचा होता, पुरुषभर उंचीचा. "बाहेरगावची माणसं बघत राहिली पाहिजेत," वकील म्हणाले. आमच्या गल्लीबाहेर माझं नाव जायची ही पहिली वेळ. अण्णांच्या पन्नास पाटांत हे कधी झालं नसतं. मी त्यालाही हो म्हणून मोकळा झालो.

आधी साधा बैठा गणपती ठरला. आठवड्याने त्यांना वाटलं, सिंहावर बसवावा. सिंह झाला, तर त्याचा पंजा दैत्याच्या छातीवर हवा. मग दैत्याचा चेहरा कोणासारखा असावा यावर दोन बैठका झाल्या. त्यांत काय बोलणं झालं ते इथे लिहीत नाही, पण सरकारच्या कानावर गेलं असतं तर समितीने आरती तुरुंगात म्हटली असती. माझा सगळा श्रावण त्या सिंहाच्या आयाळीत गेला.

आता मुख्य अडचण सांगतो. गणपतीचं बहुतेक काम चार माणसांत वाटता येतं. माती कुटणं, चाळणं, कापूस घालून मळणं, साच्यातून धड काढणं, अंगावर पाण्याचा हात फिरवणं, खडूचा पांढरा हात देणं, पीतांबर रंगवणं, हे सगळं घरातली माणसं करतात. डोळे मात्र एकानेच लिहायचे. आमच्याकडे त्याला आखणी म्हणतात. खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला, काळा रंग, आणि स्थिर हात. बुबुळ गव्हाच्या दाण्याएवढं जरी सरकलं, तरी देव समोरच्या माणसाकडे न बघता त्याच्या खांद्यावरून दाराकडे बघायला लागतो. आणि हे काम अगदी शेवटी, चतुर्थीच्या आधीच्या पाच दिवसांत. मूर्ती पुरती वाळायला तेवढे दिवस लागतातच, शिवाय डोळे उघडलेला देव फार दिवस फळीवर ताटकळत ठेवायचा नाही, त्याच्यासमोर भांडायचं नाही, त्याला पाठ करून बसायचं नाही, असा घरचा नियम.

मांडवीहून द्वारकाआजी नावाची एक म्हातारी यायची. नवरा खलाशी होता, तो समुद्रातच गेला. मुलगाही परदेशी बोटीवर, दोन-तीन वर्षांतून एकदा तोंड दाखवायचा. तिचा पाट दर वर्षी आषाढीलाच, सगळ्यांत पहिला. मूर्ती वीतभर, लाल पीतांबर, बाकी काही मागणं नाही. एकदा मी तिला सहज म्हटलं, "आजी, एवढं लांब चालत येतेस. मांडवीतच कोणाकडून तरी करून घे ना."

ती म्हणाली, "तुझ्या बापसाचा गणपती माझ्याकडं बगतो रे. वरीसभर घरात मी नि चार भिंती. दीड दिवस कोन तरी माझ्याकडं बगत बसतो. मग पुढला वरीस जातो कसा तरी."

तर त्या वर्षी सिंह बाजारात पोचला तेव्हा चतुर्थीला तीन दिवस उरले होते आणि माझ्यासमोर अठ्ठ्याहत्तर देव आंधळे उभे होते. मूर्तीही पुरत्या वाळलेल्या नव्हत्या. आम्ही शेगड्या पेटवून त्यांच्यामधून फिरवत होतो, त्यात दशभुजाचे तीन हात तडकले. लोक दारात येऊन उभे राहत. जो जास्त आवाज करी त्याचा गणपती मी आधी ओढी. जी कधी तोंड उघडत नसे, तिचा मागे राही. अशा हिशोबाने द्वारकाआजीचा गणपती सगळ्यांच्या शेवटी आला. हरतालिकेच्या दिवशी दुपार कलून गेल्यावर, बाहेर आभाळ भरून आलेलं असताना, घाईघाईने मी तिच्या देवाचे डोळे लिहिले. लिहिल्यावर समोर बसून पाहिलेही नाहीत, वर कपडा टाकला आणि भिंतीला टेकून झोपलो.

सकाळी आजी शेजारच्या एका गड्याला घेऊन आली. मी कपडा काढला. ती देवासमोर खाली बसली. थोडी डावीकडे सरकली, मग उजवीकडे सरकली. मलाही तेव्हा दिसलं. एक डोळा तिच्याकडे होता आणि दुसरा कुठे तरी वाशाकडे. ती बोलेल म्हणून मी मान खाली घालून उभा होतो.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुला बरं नाय काय रे?"

मी म्हटलं, "बरा आहे, आजी."

"ताप बिप नाय ना? डोळं बग कसं लाल झालंत तुझं. जेव काय तरी." आणि तिने त्या गड्याच्या डोक्यावर पाट दिला आणि गेली.

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. इकडे बाजारात माझ्या सिंहासमोर माणसं मावत नव्हती, वकिलांनी गळ्यात हार घातला, आणि मी घरी येऊन जेवलो नाही. मला माझी लाज वाटली, हे सरळ लिहितो.

अनंतचतुर्दशी झाल्यावर मंडळीने विचारलं, "मामंजी दिवसाला दहाच मूर्तींची आखणी का करीत, ते ध्यानात आलं होतं का तुमच्या?"

उजेड चांगला असतो तो सकाळी नऊपासून दुपारी दोन-अडीचपर्यंत. तेवढ्यात दहा जोड्या डोळे नीट होतात, अकराव्याला बुबुळ हलतं. दिवस पाच. मी बोटांवर मोजलं. अण्णांनी फळ्या भिंतीच्या लांबीवरून ठोकल्या असतील असं मी इतकी वर्षं समजत होतो. त्या संध्याकाळी मी नव्या दोन्ही फळ्या काढल्या. त्यांची पुढे मंडळीने स्वयंपाकघरात चांगली मांडणी ठोकून घेतली, वाया काही गेलं नाही.

फळ्या काढणं सोपं होतं. वाढवलेले अठ्ठावीस पाट कमी करणं कठीण. ती माणसं पुढच्या आषाढात पाट घेऊन येणारच. म्हणून चैत्रातच मी परटवण्याला तात्यांकडे गेलो. तात्या म्हणजे गावातले दुसरे मूर्तिकार, आमचे भाऊबंद नव्हेत पण भाऊबंदकी असल्यासारखे. अण्णा गेल्यावर मी त्यांच्या घरची पायरी चढलो नव्हतो. त्यांनी मला बसायलाही सांगितलं नाही.

"काय, वाट चुकलास?"

मी म्हटलं, "तात्या, माझ्याकडे पाट जास्त झालेत. काही माणसं तुमच्याकडे पाठवली तर चालतील का?"

"तुझा बापूस दर साल चार-पाच घरं माझ्याकडं धाडायचा," तात्या म्हणाले. "आणि मला आजारपण आलं त्या साली माझी वीस घरं त्याने घेतली होती, माझी गिऱ्हाइकं तुटू नयेत म्हणून स्वतःची वीस दुसरीकडं लावून. तुला कधी बोलला नाय?"

"नाही."

"नाय बोलायचा. तू गेल्या साली एकाला तरी धाडलंस?" मग तेच म्हणाले, "मी आपला वाट बघत होतो. मग ऐकलं, पोरग्याने सिंह केलाय. म्हटलं, आता कशाला येतोय हा इकडं."

मग त्यांनी चहा मागवला. बारा घरं त्यांनी घेतली, बाकीची त्यांच्या जावयाकडे शिरगावला लावून दिली. प्रत्येक घरी मी स्वतः जाऊन आलो आणि सांगितलं की यंदा पाट अमक्याकडे द्या, त्यांचा हात माझ्यापेक्षा बरा आहे. दशभुजावाले गृहस्थ तेवढे खूश झाले. तीन हात जोडलेला गणपती त्यांनी घरी कसा लपवला असेल कोण जाणे.

बाजाराचा गणपती मात्र मी सोडला नाही, हेही कबूल करतो. ते काम मला मनापासून आवडलं होतं. वकील दुसऱ्या वर्षी आले तेव्हा मी म्हटलं, "करतो. पण विषय अक्षय्य तृतीयेला ठरवायचा, आणि श्रावण लागायच्या आत मूर्ती माझ्या हातून सुटली पाहिजे. मध्ये बदल नाही." वकिलाला अटी घालायला काय मजा येते ते अनुभवल्याशिवाय कळायचं नाही. त्यांनी कुरकुर केली आणि मान्य केलं. त्याच सिंहावरून गिरगावातल्या एका शेठनेही निरोप धाडला होता की आषाढात मुंबईला या, जागा देतो, माणसं देतो, दीडशे मूर्ती करा. पूर्वीचा मी असतो तर बोचकं बांधून बसलो असतो. मी उत्तर पाठवलं की आषाढ-श्रावण माझे नाहीत, दिवाळीनंतर बोलवा. त्यांनी बोलावलं. पुढे दहाएक वर्षं मी दिवाळी झाली की बोटीने मुंबईला जाई, दोन महिने साचे करून देई, त्यांच्या माणसांना आखणी शिकवी, आणि शिमग्याच्या आधी घरी येई. आमच्या शाळेवर कौलं चढली ती त्यातून. एकतिसाच्या सुमारास एका मास्तरांना चरखा चालवणारा गणपती हवा होता, तोही केला. फौजदार चौकशीला आले, मूर्तीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि जाताना हळूच म्हणाले, पुढच्या साली माझाही पाट घ्या, फक्त चरखा नको.

हे सगळं सांगितलं, पण त्या दुसऱ्या वर्षाचं सांगायचं राहिलं.

त्या आषाढीला मी सकाळपासून दाराशी होतो. द्वारकाआजी आली नाही. पाऊस असेल म्हणून थांबलो. दुसरे पाट येत गेले. नागपंचमी झाली, एकोणपन्नास पाट फळीवर चढले आणि तिच्या पाटाची जागा रिकामीच राहिली. ती जागा पाहून चार जणांनी विचारलं. चौघांना मी नाही म्हणालो. त्यांतला एक दापोलीहून बदलून आलेला कारकून होता, गावात कोणी ओळखीचं नाही, बायको नवी, घरातला पहिलाच गणपती. तो फार अजिजीने बोलत होता. त्याला तात्यांकडे पाठवला, तर त्यांचीही फळी भरलेली. त्याने काय केलं मला कळलं नाही, तो पुन्हा आला नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

शेवटी मी मांडवीला गेलो. मनात नको नको ते येत होतं. आजी चुलीपुढे बसून फणसाच्या आठळा भाजत होती. मला पाहून म्हणाली, "ये. गरम हायत, खा."

मी म्हटलं, "आजी, पाट कुठे आहे?"

"माळ्यावर हाय."

"आणला का नाहीस?"

तिने आठळ परतली. "तुझ्याकडं गर्दी असता रे. गेल्या साली तुझी दशा बगितली ना मी. म्हटलं, म्हातारीचा एक पाट कमी झाला तर पोराला तेवढाच आराम. घरात तसबीर हाय देवाची, तिचीच पूजा कराची यंदा. देव काय रागवाचा नाय."

मी तिथे खाली बसलो. ज्यांनी दारात आरडाओरडा केला त्यांचे पाट माझ्या फळीवर होते, आणि माझी कीव करणारीने आपला देव माळ्यावर ठेवला होता.

भाजलेली आठळ माझ्यापुढे सरकवत ती म्हणाली, "किती घेतलेस यंदा?"

"एकोणपन्नास."

"नि बापूस किती घ्यायचा?"

"पन्नास."

"मग एक राहिला कशापायी? गिऱ्हाईक नाय मिळाला?"

"चार जण येऊन गेले," मी म्हटलं. "ती जागा तुझी आहे."

तिने पदराने डोळे पुसले, चुलीचा धूर होताच. मग म्हणाली, "माळ्यावर चढता येतं काय तुला? माझं गुडघं नाय चालत."

मी चढलो, पाट काढला, धूळ पुसली, आणि मांडवीपासून घरापर्यंत पावसातून डोक्यावर घेऊन आलो. वाटेत बाजारातले वकील भेटले, त्यांनी विचारलं, हे काय, स्वतः पाट वाहता? मी म्हटलं, पहिलं गिऱ्हाईक आहे.

त्या वर्षी आखणीच्या पहिल्या दिवशी, पहिल्या उजेडात, मी आजीच्या गणपतीचे डोळे लिहिले. लिहून झाल्यावर ती बसते तशी जमिनीवर मांडी घालून बसलो. डावीकडे सरकलो, उजवीकडे सरकलो. तरी धीर होईना, म्हणून मंडळीला हाक मारून तिलाही बसवलं. ती म्हणाली, "बघतोय हो. उठा आता."

चतुर्थीला सकाळी आजी आली. मी कपडा काढला. ती देवासमोर बसली आणि बसूनच राहिली. बाहेर दोन-तीन माणसं आपापले गणपती न्यायला खोळंबली होती. मग ती मूर्तीलाच म्हणाली, "काय रे, गेल्या साली होतास खंय?"

देव काय बोलणार? मीच म्हटलं, "बाजारात गेला होता, आजी."

ती माझ्याकडे वळली. चेहऱ्यावर राग नव्हता. म्हणाली, "बाजारात जावाचं. कोन नको म्हनत नाय. पन दिवे लागाच्या आत घरी याचं."

आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.